कागदावरचे गाव आणि पायाखालचे गाव

नकाशा म्हणजे निरुपद्रवी वस्तू, असा समज शाळेतच रुजवला जातो. वर उत्तर, खाली दक्षिण. मध्ये नदी, रस्ता, पूल. परंतु काय दाखवायचे आणि काय वगळायचे, हे कोणीतरी ठरवलेले असते. ठरवणाऱ्याची दृष्टी कागदावर उमटते. म्हणून नकाशा हे सत्तेचे साधन आहे. आणि वगळलेल्या माणसाने तो हाती घेतला, तर तेच कलेचे व कथनाचे साधन होते.

रेषेवाचूनही नकाशा काढता येतो. आमच्याच अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे महास्थान. त्या पंथाच्या चौदाव्या शतकातील ‘स्थानपोथी’त चक्रधर कोठे राहिले, कोठे बसले, देवळाचे दार कोणत्या दिशेला होते, याच्या गावोगावच्या नोंदी आहेत. हा राजाच्या मुलखाचा नव्हे, एका माणसाच्या पावलांचा नकाशा आहे. रिद्धपूरचे गोविंदप्रभू अस्पृश्यांच्या घरी जात, असे त्यांच्या लीळा सांगतात. पावलांचा माग घेणाऱ्या कथेला मग ती वस्ती टाळता येत नाही.

बाहेरच्या जगातही हे घडले आहे. डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉईस या कृष्णवर्णीय विचारवंताने १८९९ साली फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डातील निग्रो कुटुंबांची घरे त्यांच्या स्थितीनुसार वेगवेगळ्या रंगांत दाखवली. हा समाज म्हणजे एकच काळा ठिपका, हा गोऱ्यांचा समज त्याने नकाशानेच मोडला. याच द्यू बॉईसना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते. उरुग्वेचा चित्रकार तोर्रेस-गार्सिया याने १९४३ साली दक्षिण अमेरिका उलटी रेखाटली. दक्षिण वर गेली. ‘वर’ कोण, हा प्रश्न त्याने एका रेखाटनात विचारला.

दलित साहित्याने हेच काम शब्दांनी केले. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने (१९७२) पांढरपेशा मुंबईने न पाहिलेली मुंबई दाखवली, दया पवारांच्या ‘बलुतं’ने (१९७८) कावाखाना वाचकाच्या ओळखीचा केला.

आमचे वलगाव पेढी नदीकाठी आहे. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, गाडगेबाबांनी येथे पेढीच्या पुलाजवळ देह ठेवला. नकाशात पूल दिसतो. खराटा दिसत नाही.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, आपल्या गावाचा नकाशा आजीला विचारून काढा. आधी पाणवठे मांडा: कोण कोठे भरत होते, कोण ओंजळ पसरून उभे होते. मग मसणवट्या दाखवा. मग वरात ज्या रस्त्याने जाऊ शकत नव्हती, तो रस्ता रंगवा. प्रत्येक खुणेशेजारी सांगणाऱ्याचे वाक्य त्याच्याच वऱ्हाडीत लिहा. शुद्ध करू नका.

या कामाची निकड आहे. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच आहे. महारवाड्याचे भीमनगर झालेच पाहिजे. परंतु पाटी बदलली म्हणून वस्ती गावाबाहेरून गावात येत नाही. उद्याच्या नकाशावर फक्त नवे नाव राहील, आणि ही घरे वेशीबाहेर का, याचे उत्तर देणारी आजी नसेल. ती आहे तोवर कागद-पेन्सिल घेऊन तिच्यापाशी बसले पाहिजे.