रात्री पोटऱ्या का वळवळतात?

दिवा मालवून पाठ टेकली की काहींच्या पोटऱ्यांत आतल्या आत वळवळ सुरू होते. धड दुखणं नाही, पेटका नाही, पण पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. उठून चार फेऱ्या मारल्या की थांबतं, आडवं झालं की पुन्हा तेच. इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांनी १६७२ मध्येच अशा रुग्णांचं वर्णन करून ठेवलं होतं. ‘रेस्टलेस लेग्ज’ हे नाव दिलं ते स्वीडनच्या कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी, १९४५ च्या सुमारास.

आपल्याकडे यावर पहिला उपाय म्हणजे घरातल्या कुणाला तरी ‘जरा पाय चेपून दे’ म्हणणं. त्याने बरं वाटतं, आणि त्यामागे शास्त्रीय कारण असू शकतं. स्पर्श आणि दाब यांचे संदेश जाड चेतातंतूंवरून मज्जारज्जूत पोहोचतात आणि बारीक तंतूंवरून येणाऱ्या संदेशांना तिथेच अडवतात, असा सिद्धांत मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडला. तो वेदनेबद्दलचा होता. वळवळीलाही तो लागू पडत असावा, असा कयास आहे. डायलिसिसवरच्या रुग्णांना मालिशने आराम पडल्याचे छोटे अभ्यास झालेत. मात्र आपले पाय कुणी चेपतंय की नाही, हे रुग्णापासून लपवणार कसं? त्यामुळे त्यात मनाचा वाटा किती, हे वेगळं काढणं अवघड.

काशाच्या वाटीला तूप लावून तळवे घासण्याची रीतही अनेक घरांत आहे. खुशाल घासा. फक्त पायावर उमटणारा काळा रंग म्हणजे अंगातली उष्णता नव्हे. तो वाटीच्या धातूचा.

मालिशचा असर बहुधा तात्पुरताच, कारण मूळ दुखणं पायात नाहीच. डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या एन्झाइमला लोह लागतं, आणि या रुग्णांच्या मेंदूच्या काही भागांत नेमकं तेच कमी आढळतं. डोपामिनचं काम संध्याकाळनंतर मंदावतं, रक्तातलं लोहही रात्री उतरतं. म्हणून त्रासाची वेळ ठरलेली. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत तो वाढतो, त्यातही लोहाचा संबंध असावा.

इथेच बरेच जण फसतात. हिमोग्लोबिन चांगलं निघालं म्हणजे लोह पुरेसं आहे, असं धरून चालतात. साठा कळतो तो फेरिटिनवरून. एरवी तीस-चाळीसचा आकडा अहवालात ‘नॉर्मल’ म्हणून सुटतो. या विकारात मात्र पंच्याहत्तरच्या आत असला तरी तज्ज्ञ लोह देण्याचा विचार करतात. गोळ्या मनाने सुरू करू नयेत, जादा लोहही घातक. झोप आणणाऱ्या काही सर्दीच्या गोळ्या आणि मेटोक्लोप्रमाइडसारखी उलटीवरची औषधं वळवळ वाढवतात, तेव्हा चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी.

आणि एकच पोटरी अचानक सुजून गरम लागत असेल, दुखत असेल, तर ती चोळू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.