विश्लेषण : इम्प्लान्टचा पदार्थ बदलला, तर जबड्याच्या हाडावरचा ताण कमी होतो का?

दाढ काढल्यावर इम्प्लान्ट बसवायचे ठरले, की दवाखान्यात पुढचा प्रश्न येतो : टायटॅनियमचा की 'मेटल-फ्री' झिर्कोनियाचा? पांढरा, धातूविरहित म्हणजे हाडाला सौम्य, असा अनेकांचा समज असतो आणि त्यासाठी जादा पैसे मोजायचीही तयारी असते. हा समज कितपत खरा? याचे उत्तर दंतवैद्यकात जितके आहे, तितकेच माटुंग्यात हाकेच्या अंतरावर असलेल्या दोन संस्थांमधल्या विषयांत आहे. व्हीजेटीआयमध्ये दांडीवर भार दिला की ताण कुठे साचतो, हे शिकवतात. तर आयसीटीमध्ये पॉलिमरचा अभ्यास होतो. जबड्यात हे दोन्ही विषय एकत्र येतात.

खरा दात आणि इम्प्लान्ट यांत फरक काय?

खऱ्या दाताचे मूळ हाडाला थेट चिकटलेले नसते. मधे साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतुमय पडदा असतो. मध्य रेल्वेच्या माटुंगा कार्यशाळेत डब्यांच्या स्प्रिंगा तपासल्या जातात. डब्याला ती स्प्रिंग जे काम देते, तेच दाताला हा पडदा देतो. चावताना बसणारा धक्का तो आधी स्वतः झेलतो.

इम्प्लान्टला हा पडदा नसतो. स्वीडनचे संशोधक पेर-इंगव्हार ब्रानेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांवरील प्रयोगांत दिसले, की टायटॅनियमशी हाड घट्ट जुळून येते. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला दातांचे इम्प्लान्ट बसवले. आजचे इम्प्लान्टही याच तत्त्वावर बसतात. मात्र मधली 'स्प्रिंग' गेल्याने चावण्याचा भार सरळ हाडावर जातो.

ताण हाडाला वाईटच असतो का?

नाही. हाड जिवंत असते. जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार हाड आपल्यावरच्या भाराप्रमाणे स्वतःला घडवते. वापर नसेल, तर ते विरळ होते. म्हणूनच दात काढलेल्या जागी जबडा हळूहळू खचतो. उलट एकाच जागी मर्यादेबाहेर ताण आला, तरी हाड झिजू शकते. त्यामुळे ताण शून्य करणे हे उद्दिष्टच नाही. तो योग्य प्रमाणात आणि पसरून मिळायला हवा.

कोणता पदार्थ किती ताठ?

पदार्थ किती कमी वाकतो, हे गिगापास्कल या एककात मोजतात. आकडा मोठा, तितका पदार्थ ताठ.

- जबड्याचे बाहेरचे टणक हाड : साधारण १० ते २०
- आतले जाळीदार हाड : बहुधा १ च्या आसपास किंवा त्याहून कमी
- टायटॅनियम : १०० ते ११५
- झिर्कोनिया : सुमारे २००
- 'पीक' हे पॉलिमर (पॉलिइथरइथरकीटोन) : सुमारे ४

म्हणजे पांढरा झिर्कोनिया टायटॅनियमहून मऊ नाही, जवळजवळ दुप्पट ताठ आहे. 'पीक' भारतात तयार करण्याचे तंत्र घरडा केमिकल्सने विकसित केले. या कंपनीचे संस्थापक केकी घरडा हे आयसीटीचे, म्हणजे तेव्हाच्या यूडीसीटीचे, माजी विद्यार्थी.

मग हाडापेक्षा मऊ असलेले 'पीक' सर्वांत चांगले का नाही?

इथे साधा तर्क फसतो. ओल्या जमिनीत रोवलेली पहार बाजूला ढकलली, तर भार तळापर्यंत पसरतो. तिथेच वेताची काठी रोवून ढकलली, तर काठी वरच वाकते आणि तोंडाशी असलेली माती फाकते. जबड्यातही असेच घडते. संगणकावर जबड्याचे हजारो छोटे तुकडे कल्पून प्रत्येकातला ताण काढण्याची 'फायनाइट एलिमेंट' पद्धत अभियंते वापरतात. अशा अनेक अभ्यासांत 'पीक'च्या मानेशी, वरच्या टणक हाडात, ताण जास्त साचलेला दिसतो.

टायटॅनियम आणि झिर्कोनिया यांच्यात मात्र हाडातील ताणाचा फरक सहसा थोडा निघतो. दोघेही हाडाच्या कितीतरी पट ताठ आहेत. हाडाच्या दृष्टीने दोन्ही पहारीच! अर्थात संगणकातले हाड हे गृहीतकांवर उभे असते. खऱ्या हाडासारखे ते दुरुस्त होत नाही की झिजत नाही. म्हणून या निष्कर्षांना रुग्णांवरील अनुभवाची जोड लागते. त्या बाबतीत टायटॅनियमचा इतिहास सर्वांत मोठा आहे.

पदार्थापेक्षा जास्त फरक कशाने पडतो?

पदार्थ कोणताही असला, तरी सर्वाधिक ताण बहुधा इम्प्लान्टच्या मानेशीच येतो. तो किती असेल, हे जाडी, भाराची दिशा, हाडाचा दर्जा आणि इम्प्लान्टची संख्या यांवर ठरते. साधी भरीव दांडी घेतली, तर ३.५ ऐवजी ४.५ मिलिमीटर जाडीने, तेवढ्याच वाकवणाऱ्या भाराखाली, दांडीतला ताण निम्म्याहून कमी होतो. सरळ दाबापेक्षा तिरका भार अधिक त्रासदायक. झोपेत दात खाण्याची सवय असेल, तर असा भार रात्रभर येत राहतो. हाड जुळून येण्याच्या पहिल्या काही महिन्यांत इम्प्लान्ट फार हलला, तर हाडाऐवजी भोवती तंतुमय ऊतक तयार होते आणि तो सैल राहतो. धूम्रपान, अनियंत्रित मधुमेह आणि हिरड्यांचा संसर्ग यांनी हाडाचे नुकसान होते, ते वेगळेच.

रुग्णाने काय विचारावे?

टायटॅनियमची ॲलर्जी क्वचित आढळते. समोरच्या दातांत पातळ हिरडीतून धातूची करडी छटा दिसू शकते. अशा वेळी झिर्कोनिया निवडायला कारण असते. पण 'हाडावर ताण कमी येईल' एवढ्यासाठी जादा पैसे देण्याआधी चार प्रश्न विचारावेत : स्कॅनमध्ये हाडाची रुंदी आणि घनता किती आहे? या जागी किती जाडीचा इम्प्लान्ट बसेल? चावताना कॅपवर तिरका भार येणार नाही, हे कसे तपासणार? आणि दात खाण्याची सवय असल्यास रात्री लावायचे गार्ड लागेल का? हाडाचे आयुष्य ब्रोशरवरच्या पदार्थाच्या नावापेक्षा या उत्तरांवर जास्त अवलंबून असते.