सहापैकी पाच उरले!

व्हायवामध्ये ‘फॅक्टर ऑफ सेफ्टी’ची व्याख्या आपण घडाघडा म्हणतो आणि सुटतो. पण हा आकडा खरंच कशासाठी असतो, ते मला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रिजची हकीकत वाचताना समजलं.

हा पूल रोबलिंग घराण्याचा. जॉन रोबलिंग १८३१ साली जर्मनीतून अमेरिकेत आला. जाड दोरखंड तुटून अपघात होत, म्हणून त्याने लोखंडी तारांचा दोर बनवला, आणि १८५५ मध्ये नायगारावर असा झुलता पूल बांधला की त्यावरून चक्क रेल्वे गेली. ब्रुकलिनचं डिझाईनही त्याचंच. पण १८६९ मध्ये जागेची पाहणी करताना फेरीबोटीच्या धडकेने त्याचा पाय चिरडला. महिनाभराच्या आत धनुर्वाताने तो गेला.

मुलगा वॉशिंग्टन तेव्हा फक्त बत्तीस वर्षांचा. नदीच्या तळाशी पाया खणायला प्रचंड लाकडी डबे उलटे बुडवले होते. आत पाणी शिरू नये म्हणून दाबाची हवा भरलेली. तिथून माणूस पटकन वर आला की रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. कित्येक मजूर आजारी पडले, काही मेले. १८७२ मध्ये वॉशिंग्टनही कोसळला, पुढे त्याला साईटवर जाऊन काम पाहणं जमेना. मग त्याची बायको एमिली गणित, केबल सगळं शिकली आणि वर्षानुवर्षं त्याच्या सूचना इंजिनिअरांपर्यंत पोहोचवत राहिली. हातात डिग्री नसताना, बरं का!

आता मुद्द्याचं. १८७८ मध्ये कळलं की तारेचा कंत्राटदार लबाडी करतोय. तपासून पास झालेली चांगली भेंडोळी वाटेतच बदलायची, आणि तीच पुन्हा पुन्हा तपासायला ठेवायची. (सबमिशनला एकच जर्नल चौघांकडे फिरतं, तसंच!) तोवर बरीच खराब तार केबलमध्ये गुंफून झाली होती. ती काढणं अशक्य. पण जॉनने केबल गरजेच्या सहापट मजबूत धरली होती. वॉशिंग्टनने हिशेब केला, तरी पाचपट उरत होती. शिवाय प्रत्येक केबलमध्ये त्याने सुमारे दीडशे जादा तारा घालायला लावल्या, कंत्राटदाराच्या खर्चाने.

२४ मे १८८३ रोजी पूल खुला झाला. मधला गाळा ४८६ मीटर, तेव्हा जगात सर्वांत लांब. ती खराब तार आजही त्याच चार केबल्समध्ये आहे, आणि वरून रोज हजारो गाड्या जातात.