वाफ्यातलं पाणी

काँक्रीटचा रस्ता ओतून झाला की दुसऱ्या दिवशी त्यावर शेती सुरू होते. वणीत, नांदुरीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत मी ती पाहिली. मजुरांनी चिखलाचे बारके बांध घालून रस्त्यावर वाफे पाडले आणि नळीनं भरले. काँक्रीट ओलं राहावं म्हणून ही सोय. पण रस्त्याचा ढाळ बघायला याहून सोपं यंत्र नाही. एकाच वाफ्यात मधोमध पाणी नखभर, कडेला बोटाची दोन पेरं.

कागदावर ढाळ शंभराला 2. म्हणजे 4 मीटरच्या गल्लीत मध्यापासून कडेपर्यंत अवघे 4 सेंटिमीटर! तासाभरात 20 मिलिमीटर पाऊस झाला, तर 100 मीटर गल्लीवर 8,000 लिटर पाणी पडतं. मुरमात थोडं तरी जिरायचं, काँक्रीट काही पीत नाही. नाशिकच्या सराफ बाजारातले दुकानदार जोराचा पाऊस आला की आधी माल वर का उचलतात, ते इथं कळतं.

जुना रस्ता मात्र खरवडला नव्हता. त्याच्याच डोक्यावर नवा थर. त्यामुळे एका घराचा उंबरा रस्त्याच्या खाली गेलेला.

"मिस्त्री, आधी पायरी चढून घरात जायचो, आता उतरून जातो," त्या घरातल्या मावशी म्हणाल्या.

"पाणी गटारीत जाईल, मावशी. भोकं ठेवलीत."

गटारीची भिंत रस्त्याच्या वीतभर वर. तिच्या बुडाशी, रस्त्याच्या पातळीला, चार इंची पाइपाचे तुकडे बसवलेले. त्यातून पाणी आत जायचं. खरं तर सगळा रस्ता या भोकांच्या भरवशावर. मोजमाप मात्र रस्त्याच्या लांबीचं होतं, भोकांचं कुणी करत नाही.

आठवड्यानं वळवाची सर आली. गल्लीत घोटाभर पाणी, आणि गटार कोरडी ठणठणीत. मावशींनी पदर खोचला, सळई घेतली आणि उंबऱ्यासमोरच्या भोकात खुपसली. काँक्रीट आत जाऊ नये म्हणून ओतताना कोंबलेला सिमेंटच्या गोणीचा बोळा तसाच राहिला होता. तो सुटला तसं पाणी गुळगुळ करत आत गेलं.

मग सळई घेऊन त्या शेजारच्या दारासमोर गेल्या.