काळ्या मातीतली तीन गावं

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात टाउन्सव्हिलचा समुद्रकिनारा सोडून पश्चिमेला निघालं, की काही तासांत झाडं विरळ होतात आणि मिचेल गवताची सपाट माळरानं सुरू होतात. ह्यूएंडन, रिचमंड आणि विंटन ही तीन गावं या माळावर त्रिकोणात वसली आहेत. पहिल्या दोन गावांत सव्वाशेच्या आत किलोमीटर, पण विंटन दोघांपासूनही दोनशेच्या पुढे. मधल्या पट्ट्यात कुरणं, मेंढ्या, गुरं आणि आभाळ. गेल्या काही दशकांत ऑस्ट्रेलियातले सर्वांत महत्त्वाचे डायनोसॉर याच माळावर सापडले. आणि ते बहुतेक वेळा शास्त्रज्ञांना नव्हे, गुरं राखणाऱ्या माणसांना सापडले.

ताईचं कुटुंब टाउन्सव्हिलला राहतं, त्यामुळे आमचा मुक्काम आणि गाडी दोन्ही तिथलीच. भावोजी गाडी चालवायला, मागच्या सीटवर भाची आणि माझा मुलगा, डब्यात ताईच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. या रस्त्यावर घरचा डबा लागतोच, कारण एका गावानंतर दुसरं गाव येईपर्यंत चहाची टपरीसुद्धा नाही. टाकी दर गावात भरायची, पाणी भरपूर ठेवायचं आणि अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा. संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात. या रस्त्यावरचे रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक जोडलेले ट्रेलर ओढणारे ट्रक, साडेत्रेपन्न मीटरपर्यंत लांब असतात. त्यांना ओलांडायचं तर समोरचा रस्ता फार दूरपर्यंत मोकळा हवा. आणि हो, समोरून येणारा अनोळखी ड्रायव्हर स्टिअरिंगवरून एक बोट उचलून नमस्कार करतो. पोरांना त्याचं फार अप्रूप होतं.

ह्यूएंडनला भर रस्त्यात मुटाबरासॉरस या डायनोसॉरची प्रतिकृती उभी आहे. खरा सांगाडा १९६३ साली दक्षिणेकडे मुटाबरा गावाजवळ, थॉमसन नदीच्या काठी, डग लँग्डन या पशुपालकाला दिसला. गुरांच्या पायांखाली हाडं विखुरली होती, काही लोकांनी आठवण म्हणून घरी नेली होती. शोधाची बातमी पसरल्यावर त्यांतली काही परत आली. १९८१ मध्ये या प्राण्याला शास्त्रीय नाव मिळालं, त्यात गावाचं नाव आहे आणि लँग्डनचंही.

रिचमंडला पोहोचलं की डायनोसॉर मागे पडतात आणि समुद्र सुरू होतो. दहा-अकरा कोटी वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियाच्या पोटात एरोमांगा नावाचा उथळ समुद्र पसरला होता. त्यातले मासे, अमोनाइट, लांब मानेचे आणि अजस्र जबड्यांचे सरीसृप इथल्या दगडांत सापडतात. ‘क्रोनोसॉरस कॉर्नर’ हे गावचं संग्रहालय याच समुद्राला वाहिलेलं आहे. गावाबाहेर जनतेसाठी ठेवलेल्या जागी हातोडी-छिन्नी घेऊन कोणीही खोदू शकतो. आमच्या पोरांना माशांच्या खवल्यांचे चकाकते तुकडे मिळाले, आणि भाचीनं विचारलं, “मामा, एवढा समुद्र गेला कुठे?”

उत्तर पुढच्या रस्त्यावर होतं. नद्यांनी आणलेल्या गाळानं तो समुद्र हळूहळू भरत गेला, पाणी मागे हटलं आणि तिथे नद्या, डबकी आणि जंगलांची सखल जमीन तयार झाली. विंटनचे खडक त्या जमिनीचे, साधारण साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीचे. म्हणजे रिचमंडहून विंटनला जाताना माणूस समुद्रातून जमिनीवर येतो. पाठ्यपुस्तकातला भूगर्भशास्त्राचा धडा इतका स्पष्ट मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

रिचमंडची एक गोष्ट मात्र मनाला लागते. १९३१-३२ साली हार्वर्डच्या मोहिमेनं जवळच्याच एका कुरणातून क्रोनोसॉरस या अजस्र जबड्याच्या समुद्री सरीसृपाचा मोठा सांगाडा काढला. सुरुंग लावून खडक फोडला आणि सांगाडा अमेरिकेला नेला. तो आजही तिथेच आहे.

विंटनमध्ये नेमकं उलट घडलं, हाडं गावाजवळच राहिली, म्हणूनच या सफरीतलं माझं आवडतं गाव विंटन. गाव जेमतेम हजारभर वस्तीचं. १९९९ साली डेव्हिड एलियट हा इथला पशुपालक मेंढ्या हाकत असताना त्याला एका प्रचंड मांडीच्या हाडाचा तुकडा दिसला. त्यानं आपल्या जमिनीची रीत ओळखली. इथली काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसून भेगाळते, आणि या उलथापालथीत खालच्या खडकातले तुकडे वर्षानुवर्षं वर ढकलले जातात. वरचे तुकडे म्हणजे नुसती खूण. मीटर-दीड मीटर खाली गेलं तर हाडं शाबूत मिळतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ही माती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

एलियट दांपत्यानं २००२ मध्ये ‘ऑस्ट्रेलियन एज ऑफ डायनोसॉर्स’ ही ना-नफा संस्था उभी केली. पुढे एका पशुपालक कुटुंबानं गावाजवळचं सपाट माथ्याचं पठार दान दिलं, आणि संग्रहालय आज त्या पठारावर आहे. इथल्या प्रयोगशाळेत प्लास्टरच्या वेष्टणात बांधलेली हाडं फडताळांवर रांगेनं ठेवलेली आहेत, काहींची पाळी यायला कित्येक वर्षं लागतील. ती साफ करणारे बरेचसे लोक स्वयंसेवक आहेत: निवृत्त शिक्षक, परिचारिका, शेतकरी. शिकून घेतलं तर पाहुण्यालाही हे काम करता येतं. २००९ साली जगासमोर आलेला मांसाहारी ‘बॅन्जो’ आणि लांब मानेची ‘मटिल्डा’ एकाच जुन्या डबक्याच्या गाळात सापडले. २०२५ मध्ये तर मटिल्डाच्याच जातीच्या एका जनावराच्या पोटातलं अन्न प्रसिद्ध झालं. लांब मानेच्या डायनोसॉरच्या पोटातलं अन्न जगात प्रथमच मिळालं. सूचिपर्णी झाडं, फुलझाडांची पानं, आणि सगळं जवळजवळ न चावता गिळलेलं.

विंटनच्या नैर्ऋत्येला एकशेदहा किलोमीटरवर लार्क क्वारी आहे. तिथे एका खडकाच्या पटावर साधारण ३,३०० पावलांचे ठसे आहेत. १९७६-७७ मध्ये ते उघडे केले तेव्हा शास्त्रज्ञांनी असा अर्थ लावला की मोठ्या शिकाऱ्याला भिऊन लहान डायनोसॉरांचा कळप पळाला. अलीकडच्या अभ्यासकांच्या मते ही नदी ओलांडणाऱ्या, काही तर पोहणाऱ्या प्राण्यांची वाट असावी, आणि सगळे ठसे एकाच घटनेचे नसावेत. वाद अजून मिटलेला नाही. ठशांवर बांधलेल्या इमारतीत आमच्या दोन्ही पोरांनी दोन्ही बाजू हिरिरीनं मांडल्या. पुराव्यासमोर उभं राहून असं भांडायला मिळणं हेच या प्रवासाचं खरं मोल.

परत येताना मला सतत चंद्रपूर जिल्हा आठवत होता. वरोऱ्याजवळच्या डोंगरगावच्या टेकडीतून निघालेल्या सांगाड्याला आज ‘आयसीसॉरस’ म्हणतात. तोही मटिल्डासारखाच, लांब मानेच्या टायटॅनोसॉर गटातला. जवळच्या पिसदुऱ्याला डायनोसॉरांची मानली जाणारी अश्मीभूत विष्ठा सापडते. तिच्यात गवताचे सूक्ष्म कण असल्याचं २००५ साली प्रसिद्ध झालं, आणि डायनोसॉरच्या काळात गवत होतं हे जगाला कळलं. विंटनच्या जनावराच्या पोटातली पानं जितकी मोलाची, तितकंच हे. पण आयसीसॉरसची हाडं कोलकात्याला आहेत, आणि वरोऱ्यातल्या किती शाळांनी पिसदुऱ्याची सहल काढली असेल, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

ऑस्ट्रेलियात नातेवाईक असतील तर मे ते सप्टेंबरमध्ये हा त्रिकोण जरूर करा, तिथल्या उन्हाळ्यात ऊन सोसवत नाही. आणि वरोरा भागातल्या वाचकांना विनंती, की शेतात नांगराला वेगळा जड दगड लागला किंवा हाडासारखं काही दिसलं, तर ते उचलून घरी नेऊ नका. जागेवरच ठेवा, फोटो काढा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला कळवा.