तोंड कानाला जोडा!

शाळेतील दोन जुन्या संगणकांचा संपर्क तुटला आहे. दोष संगणकांत, की त्यांना जोडणाऱ्या मधल्या पेटीत, म्हणजे स्विचमध्ये? पेटी वगळा आणि दोघांना थेट जोडून पाहा.

पण नेहमीची सरळ केबल येथे उपयोगी नाही. १० किंवा १०० मेगाबिट वेगाचे नेटवर्क कार्ड १ व २ क्रमांकाच्या तारांवरून बोलते, ३ व ६ वरून ऐकते. सरळ केबलने तोंडाला तोंड आणि कानाला कान जोडला जाईल! (नवी यंत्रे ही अदलाबदल आपोआप करतात.)

प्लगचा खटका खाली व केबल स्वतःकडे धरून डावीकडून मोजा. एका टोकाला नारिंगी जोडी १-२ वर, हिरवी ३-६ वर. दुसऱ्या टोकाला नेमके उलट. दोन्हींत पांढरी-पट्टेरी तार आधी. निळी ४-५ व तपकिरी ७-८ दोन्हीकडे सारखीच. पीळ १३ मिलिमीटरपेक्षा अधिक उलगडू नका. पिळामुळे बाहेरचा विद्युत-गोंगाट दोन्ही तारांत जवळजवळ सारखाच शिरतो. कार्ड तारांतील फरकच वाचते, म्हणून तो वजा होतो.

दोन्हीकडचे दिवे लागले? मग कार्डे बहुधा ठीक आहेत. आता पेटी आणि तिच्या केबली तपासा.