‘तिरसट आहेत’ की ‘तिरसट झालेत’?

“डॉक्टर, बाबांना तसे काही झालेले नाही. स्वभाव तेवढा तिरसट झालाय. त्यावर एखादी गोळी असेल तर द्या.” रक्तदाब तपासून झाल्यावर, दाराशी थबकून, मुलगा किंवा सून हळूच असे काहीतरी सांगते. बाबा ऐकून न ऐकल्यासारखे करतात. कधी कधी त्यांना खरोखरच ऐकू आलेले नसते आणि त्यांच्या तिरसटपणाचे मूळही तिथेच असते.

रागीट आणि कुरकुऱ्या माणसांसाठी आपल्या भाषेत शब्दांची ददात नाही. चटकन भडकणारा तो तापट, पटकन तोडून बोलणारा तो तुसडा, सरळ बोलले तरी वाकडे उत्तर देणारा तो तिरसट. आरडाओरडा करणारा आक्रस्ताळा, सदा नाराज तो रडतोंड्या. फारच झाले तर जमदग्नी आणि दुर्वास आहेतच. यात एक पंक्तिप्रपंचही आहे. घरात पुरुष ओरडला तर तो ‘कडक’ किंवा ‘शिस्तीचा’ ठरतो. बाई ओरडली की ती ‘खाष्ट’ किंवा ‘कजाग’.

या शब्दांचा तोटा असा की, एकदा शब्द चिकटला की चौकशी थांबते. तान्हे मूल किरकिर करू लागले की आई त्याचे अंग गरम आहे का, पोट दुखते का, कान ठणकतो का, सगळे पाहते. तेच मूल साठीचे होऊन किरकिर करू लागले की आपण म्हणतो, “स्वभावाला औषध नाही.” म्हणून घरच्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा : हा माणूस तिरसट ‘आहे’ की तिरसट ‘झाला आहे’? जन्मभर तापट असलेला माणूस आजही तापट असेल तर तो बहुधा स्वभाव. पण शांत माणूस गेल्या काही महिन्यांत चिडका झाला असेल, तर ते आजाराचे लक्षण असू शकते.

कानाचेच पाहा. म्हातारपणी ऐकू येणे हळूहळू कमी होते आणि बारीक, उंच आवाज आधी हरवतात. त्यामुळे मुलांचे व बायकांचे बोलणे अर्धवट पोहोचते. “माझ्यामागे काहीतरी कुजबुजतात” असा संशय येतो, चिडचिड वाढते. टीव्हीचा आवाज वाढत गेला असेल तर कान तपासून घ्यावेत. कधी नुसता मळ काढूनही फरक पडतो.

गळ्यातील थायरॉईड ग्रंथीचे काम वाढले की माणूस बेचैन व चिडखोर होतो. सोबत छातीत धडधड, हाताला कंप, घाम आणि भूक असूनही वजन घटणे ही लक्षणे दिसतात. रक्ताच्या साध्या तपासणीत हे कळते.

स्त्रियांमध्ये रक्तक्षय फार आढळतो. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेले, पाळीत रक्तस्राव जास्त होत असला, तर जिना चढताना धाप लागते, दुपारपर्यंत अंगातले त्राण जाते. त्यात पाहुणे आले आणि ती करवादली, तर ‘खाष्ट’ म्हणण्याआधी तिचे रक्त तपासा. पाळी जाण्याच्या वयात झोप मोडल्यानेही चिडचिड होते.

मधुमेहाच्या रुग्णाबाबत तर मिनिटांचा प्रश्न असतो. इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेऊन जेवायला उशीर झाला की रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरू शकते. मग घाम, थरथर आणि एकाएकी संताप! अशा वेळी वाद घालू नये. साखर मोजता आली तर मोजावी. नाहीतर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा पाहावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे.

उदासीनतेचा आजार म्हणजे नुसते रडणे नव्हे. पुरुषांमध्ये, विशेषतः निवृत्तीनंतर, तो पुष्कळदा चिडण्यातून आणि तक्रारींतून दिसतो. आपल्याकडचा ‘त्रागा’ हा शब्द या संदर्भात बोलका आहे. पूर्वी गुजरात-काठेवाडात भाट-चारण लोक आपले म्हणणे मान्य करून घेण्यासाठी स्वतःलाच जखमा करून घेत. त्याला त्रागा म्हणत. जो स्वतःवरच राग काढतो, त्याच्यापाशी दुसरा उपाय उरलेला नसतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ चिडचिड, झोप उडणे, जेवणावरची वासना जाणे आणि “मी नकोसा झालोय” अशी भाषा असेल, तर ती नाटके समजू नयेत. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो.

दोन प्रसंगी मात्र थांबू नये. वृद्ध माणूस एक-दोन दिवसांत अचानक भ्रमिष्टासारखा, चिडका वा सुस्त झाला, तर जंतुसंसर्ग किंवा रक्तातील क्षारांची गडबड असू शकते. तसेच पडून डोक्याला मार लागल्यावर काही आठवड्यांनीही वागणे बदलले, तर कवटीच्या आत हळूहळू रक्त साचत असण्याची शक्यता असते. दोन्ही वेळी त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

आता दुसरी बाजू. प्रत्येक राग आजारातून येत नाही, आणि आजार असला तरी घरच्यांनी मारहाण सोसावी असे मुळीच नाही. तंबाखू किंवा दारू सोडणाऱ्याची चिडचिड समजून घ्यावी; तंबाखूच्या बाबतीत ती बहुधा काही आठवड्यांत ओसरते. दारूची जुनी सवय मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

डॉक्टरांकडे जाताना “स्वभाव बिघडलाय” एवढेच सांगू नका. केव्हापासून, दिवसाच्या कोणत्या वेळी, जेवणाआधी की नंतर, झोप कशी, नवे औषध कोणते सुरू झाले, हे कागदावर लिहून न्या. आणि ते दाराशी थबकून सांगू नका. खुर्चीवर बसून, त्या माणसाच्या समोर सांगा. दार कुरकुरले तर आपण त्याला नावे ठेवत नाही, बिजागरी पाहतो. घरातल्या माणसाला निदान तेवढा न्याय मिळावा.